दोस्ताचं दुखणं

मी हवाई दलात डॉक्टर आहे, वैमानिकांची डॉक्टर. परीक्षा पास होणं सोपं होतं. हे आमच्या गावात, वणीत, समजावून सांगणं अवघड गेलं. आमच्या शेजारी ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे. तिथल्या चाचांनी मला पहिल्याच सुट्टीत गाठलं. "बेटा, तू डॉक्टर कोनाची? विमानाची का मानसाची?" माणसांची म्हटल्यावर त्यांचा चेहराच पडला. "मंग इतकं शिकून काय फायदा? मानसाचे डॉक्टर तर वनीतबी आहेत."

चाचांना काय सांगू! तोच माणूस जमिनीवर वेगळा असतो आणि हवेत वेगळा. प्रशिक्षणात आम्हाला एका बंद खोलीत बसवून आतली हवा विरळ करत नेतात, खूप उंच गेल्यावर असते तशी. मग तोंडावरचा प्राणवायूचा मास्क काढायचा आणि पाटीवर साधी वजाबाकी करायची. मी भराभर लिहीत सुटले. इतकं झकास वाटत होतं की हा पेपर आपण मारलाच. मास्क परत लावून बघते तर पाटीभर एकच आकडा, तोही मोठ्या झोकात लिहिलेला. बिघडलेल्या माणसालाच आपलं बिघडलंय हे सगळ्यात शेवटी कळतं, हे मी तिथे शिकले.

आणि कळलं तरी वैमानिक सांगतात थोडंच? धडधाकट वैमानिक डॉक्टरकडे गेला तर फार फार तर धडधाकटच परत येणार, नाहीतर उड्डाण बंद. मग कशाला जावं? नाक चोंदलेलं असताना विमान झपाट्याने खाली आणलं तर कानात अशी कळ येते की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. तरी सर्दी झाली की ही मंडळी माझी सावलीसुद्धा टाळतात. म्हणून मी दवाखान्यात वाट बघत बसत नाही. सकाळी उड्डाणाआधी ते जमतात त्या खोलीत जाते, त्यांच्याबरोबर चहा पिते, क्रिकेटवरून भांडते आणि आवाज कोणाचा नाकातून येतोय ते ऐकते.

कधी कधी चहा संपता संपता एखादा हळूच म्हणतो, "मॅडम, माझ्या एका मित्राला विचारायचं होतं..." असा मित्र मला अजून तरी कुठे भेटलेला नाही. पण माझ्या वरिष्ठांनी बजावून ठेवलं होतं, "मित्राला हसायचं नाही. औषध मित्रालाच द्यायचं. ज्या दिवशी तो मित्र सोडून 'मला' म्हणेल, त्या दिवशी तुझ्यावर भरवसा बसला समज."

मागच्या उन्हाळ्यात मी सुट्टीवर घरी होते. माझे बाबा राजूरहून चंद्रपूरकडे कोळसा नेतात, स्वतःच्या ट्रकने. काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम', आणि इतक्या वर्षांत गाडीला ओरखडा नाही, याचा त्यांना भारी तोरा. संध्याकाळी अंगणात पाणी मारून मी आणि बाबा चहा पीत बसलो होतो.

"काय वं, एक विचारू का? आपल्या लाइनीत माहा एक दोस्त आहे. रातभर झोपते, पन दिवसा त्याले डुलकी लागते. स्टेअरिंगवर. कायच्यानं होत असन?"

मी घाबरले. कारण आदल्या रात्री भिंतीपलीकडून बाबांचं घोरणं ऐकलं होतं. मोठ्याने घोरणं, मग अचानक शांतता, मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना माल घेऊन निघायचं होतं. दारातून आई बोलणारच होती, "दोस्त कायले..." मी डोळ्यांनीच तिला गप्प केलं.

"घोरते का तुमचा दोस्त?"

"त्याची बायको म्हनते, घोरते. बायकाइचं काय!"

"सकाळी डोकं दुखते?"

"दुखते म्हने."

"मंग त्याले सांगा, झोपेत त्याचा श्वास अडकून राह्यला असन. झोप झाली वाटते, पन होत नाही. नागपूरले जाऊन झोपेची तपासनी करा लागते. अन् तिथला डॉक्टर चालव म्हनेपर्यंत गाडी बंद."

"बंद? ड्रायव्हर मानूस घरी बसून का वाती वळन?"

"पायलट लोकाइलेबी खाली उतरवा लागते मले, बाबा. परत वर जाता याव म्हनून."

बाबा उठले, गॅरेजसमोर उभ्या केलेल्या ट्रकपाशी गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले. मला झोप लागली नाही. मी त्यांची डॉक्टर नव्हते, लेक होते. हुकूम सोडायची सोय नव्हती.

सकाळी त्यांनी चहाच्या कपाशेजारी ट्रकची चावी ठेवली. "दोस्ताची चाबी. तुह्यापाशी ठेवाले सांगतली त्यानं."

मी हसले नाही. चावी पर्समध्ये टाकली आणि ती माझ्याबरोबर थेट हवाई तळावर आली. ट्रक चाचांच्या गॅरेजात विसावला. नागपूरची तपासणी झाली, रात्री लावायचा मास्क आणि हवेचं यंत्र आलं. बाबांचा फोन आला, "दोस्त म्हनते, मास्क लावून आरशात पाह्यलं त डिट्टो लेकीच्या पायलटावानी दिसतो!" दोस्तालाही हवाई दलातली लेक आहे, हे ऐकून मी ओठ चावून गप्प बसले. पण फोन ठेवला की रोज मनात एकच यायचं: दुसऱ्याची गाडी तर चालवत नसतील?

अखेर नागपूरच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं. मी सुट्टी घेऊन आले आणि त्यांच्यापुढे चावी ठेवली. "घ्या, तुमच्या दोस्ताची चाबी."

बाबांनी दारामागच्या खिळ्यावरून एक चावी काढली आणि शेजारी ठेवली. दोन्ही अगदी सारख्या.

"गाडीची दुसरी चाबी हीच होती. रोज डोळ्यापुढं."

"मंग घेतली काहून नाही?"



"कशी घेऊ? स्टेअरिंगवर डोळा मले लागत होता न वं. अन् बंद कर म्हननारी तू होती."