समोरच्या चाचांचं मत

मत देण्याच्या बाबतीत आमच्या समोरच्या चाचांइतका चिकित्सक माणूस अख्ख्या लोणावळ्यात झाला नाही, आणि होऊही नये. उमेदवारांची थोडी तरी दयामाया नको का? रेल्वेत गार्ड म्हणून घाट चढण्या-उतरण्यात जन्म गेला, तेव्हा हिरवा बावटा दाखवण्याआधी पुन्हा मागे वळून बघायची खोड हाडीमाशी खिळलेली. बायको अल्लाला प्यारी झालेली, लेक भुसावळला दिलेली, घरात एकटेच. औंढे गावची भाजीवाली मावशी वांगी घेऊन दारात बसली की एकेका वांग्याची उलटतपासणी व्हायची. शेवटी ती वैतागून म्हणायची, "चाचा, घ्या न्हाईतर सोडा, पन सोयरीक आल्यागत काय बघताय त्याच्याकडं?" चाचा हसायचे आणि आणखी एक वांगं उचलायचे.

म्युनिसिपालिटीची निवडणूक लागली की मात्र त्यांना भरतं यायचं. आमची गल्ली भोळी. वखारवाल्या शेटनी कुणाच्या लग्नाला बैलगाडी दिलेली, कुणाच्या मयताला लाकडं. झालं, मत शेटना! चाचा माझ्यावरच कडाडायचे, "लग्नाला गाडी दिली म्हणून मत? मग बैलांना द्या की! मत डोक्यानं द्यायचं असतं, मास्तर." दारी आलेल्या उमेदवाराला ते ओसरीवर खुर्चीत बसवत, स्वतः चहा करून पाजत आणि विचारत, "भुशी धरणाचं पाणी रेल्वेची इंजिनं पितात, मग आमच्या गल्लीनंच काय घोडं मारलंय?"

शेटच्या विरुद्ध एक वकील उभे होते. त्यांनी नळाचा नकाशाच आणून चाचांपुढे पसरला. शेटना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते आपले फुरके मारत चाचींच्या हातच्या शीरखुर्म्याच्या आठवणी काढत बसायचे. मत कुणाला म्हणून विचारलं की दोघांना एकच उत्तर, "अजून तोलतोय. उद्या या."

शेट निवडून आले. मी खोदखोदून विचारलं तेव्हा चाचा खाली बघत म्हणाले, "वकिलाचं सगळं बरोबर होतं, मास्तर. पण तो सारखा घड्याळ बघायचा." मला आधी हसू आलं, मग ओसरीवरच्या रिकाम्या खुर्चीकडे नजर गेली. शेट काही त्यानंतर त्या ओसरीकडे फिरकले नाहीत.

पुढची निवडणूक आली. चाचांनी खुर्च्या धुतल्या, नव्या कपबशा आणल्या, दाढी कोरून घेतली. पण कुणी येईचना. शेवटी मलाच सांगावं लागलं, की वकील पुण्याला राहायला गेले आणि शेट बिनविरोध आले.

"बिनविरोध?" चाचा म्हणाले. "म्हणजे मतदानच नाही. मग कुणाला यायचं कारणच नाही." आणि ते शेगडी विझवायला वाकले. मला बघवेना हो! काय सुचलं कोण जाणे, मी खुर्चीत बसलो आणि म्हटलं, "चाचा, मी उभा आहे. विचारा."

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग चहाचं आधण ठेवलं, घसा खाकरला आणि भुशीच्या पाण्यापासून सुरुवात केली. मी तोंडाला येईल ते ठोकून दिलं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "अजून तोलतोय. उद्या या."

मी दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्याही दिवशी गेलो. चाचा होते तोवर जातच राहिलो. आता त्या ओसरीवर भलतंच बिऱ्हाड आहे. चाचांचं मत मला मिळालं की नाही, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. आणि सांगून मोकळे होतील या भीतीनं मीही कधी विचारलं नाही.