संघाचा ओटा

आमच्या शहराच्या मधोमध, बाजारपेठेच्या चौकात, शेतकऱ्यांच्या सहकारी संघाचं जुनं दगडी गोदाम आहे. गोदामापुढे लांबलचक ओटा आहे आणि त्या ओट्यावर माझी आई बसते. बाकी चौक माझ्या डोळ्यांदेखत बदलला. मोबाइलची दुकानं आली, क्लासच्या पाट्या आल्या, सिमेंटच्या रस्त्यासाठी निम्मी पेठ उकरून ठेवली. ओटा तेवढा होता तसाच राहिला. खेड्यातून आलेलं माणूस अजूनही आधी तिथं टेकतं, गाठोडं ठेवतं आणि मग कामाला जातं.

गोदामात आता काही नसतं. पूर्वी तिथं कापूस आणि तूर यायची, गाड्यांची रांग लागायची, असं आजोबा सांगायचे. ते संघाचे सभासद होते. त्यांनी वारस म्हणून बाबांचं नाव न लावता आईचं लावलं, कारण बाबा अर्धं वर्ष ऊसतोडीला असायचे. “सून तर घरी असती,” एवढंच ते म्हणाले होते. म्हणून आजोबांनंतर आई सभासद झाली.

मी सांगते त्या वर्षी भाद्रपद आला तरी पाऊस नव्हता. बाबा जनावरं घेऊन चारा छावणीत राहायला गेले होते. आई आणि मी शहरात एका खोलीत राहत होतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. तिथं काय विचारायचं असतं आणि काय नाही, हे मला कळत नसे, म्हणून मी बहुतेक गप्प असायची. आई खारोड्या, कुरडया, सांडगे विकायची. वाळवण उन्हाळ्यात करायचं असतं, पण त्या वर्षी पावसाळ्यातही खोलीच्या तापलेल्या पत्र्यावर पाय ठरत नव्हता.

तिच्या शेजारी बांगडीवाल्या मावशी बसायच्या, त्याही संघाच्या सभासद. त्या म्हणायच्या, “सगळं गाव पावसाच्या नावानं रडायलंय, अन् तुझं मात्र चांगभलं.”

“ऊन तेवढं फुकट हाय, मावशी. तेबी सोडू का?” आई म्हणायची.

त्या ओट्यावर आमची खोली चालत होती आणि खोलीवर माझं कॉलेज. दुसरं काही नव्हतं.

एका दुपारी मी कॉलेजातून आले, तर संघाची दोन माणसं टेप लावून ओटा मोजत होती. आई पाय आखडून बसली होती, कारण टेप तिच्या कुरडयांवरून गेला होता.

“कावून मोजायलाव?” तिनं विचारलं.

“पाडायचाय. इथं काचेचं कॉम्प्लेक्स होणार हाय.”

“कुणी सांगितलं?”

टेप धरलेला माणूस हसला. “तुमीच की. मागल्या साली सभेत मंजूर म्हणलाव न्हवं?”

आई माझ्याकडे बघायला लागली. मला काहीच माहीत नव्हतं. पण तिला हळूहळू आठवलं असावं, कारण तिचा चेहरा उतरला.

संघाची सभा कशी होते, ते सांगायला हवं. वर्षातून एकदा गोदामाच्या आवारात मांडव पडतो. मागच्या बाजूला चुलाण पेटलेलं असतं. सचिव माइकवरून विषय वाचतात, इतक्या भरभर की शब्दाला शब्द चिकटतो. प्रत्येक विषय संपला की समोरून आरोळी उठते, “मंजूर! मंजूर!” विषय काय होता हे कुणी विचारत नाही. कळो न कळो, मंजूर म्हणायचं, ही रीतच आहे. लग्नात अक्षता टाकतात तशी. शेवटचा विषय मंजूर झाला की पंगत बसते. मागच्या वर्षी त्या भरभर वाचलेल्या विषयांत ओटा गेला होता, आणि ओट्यावर बसणाऱ्या बायांनीच त्याला आरोळी दिली होती.

“बुंदी होती त्या दिवशी,” आई म्हणाली.

“अन् मोठ्यानं तर तूच वरडलीस,” मावशी म्हणाल्या. “माझा कान बसला हुता.”

“तुमी काय मुक्या हुताव का?”

दोघी हसल्या. मग आई टेपाखाली चुरलेल्या कुरडया वेचायला लागली.

दुसऱ्या दिवशी गोदामाच्या भिंतीवर मोठा फ्लेक्स लागला. त्यात निळ्या काचांची इमारत होती, पुढे हिरवळ होती, हिरवळीवर कारंजं होतं. फ्लेक्सच्या खाली, रस्त्यावर, बाया टँकरची वाट बघत हंडे घेऊन उभ्या होत्या. मला इमारत आवडली, खोटं कशाला बोलू? मलाही चांगले रस्ते हवेत, दिवे हवेत, बायांसाठी मुतारी तर हवीच हवी. त्या चित्रात गाड्या होत्या, झाडं होती, चष्मेवाली माणसं होती. खाली बसलेलं माणूस एकही नव्हतं. मी दोनदा बघितलं.

मी कॉलेजात सहकार शिकवणाऱ्या सरांकडे गेले. दारात बराच वेळ उभी राहिले, कारण प्रश्न अभ्यासातला नव्हता. सरांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, की पुढच्या सभेत पहिला विषय मागच्या सभेचं कामकाज कायम करण्याचा असतो. तिथं सभासदानं हरकत घ्यावी आणि आरोळीवर न जाता हात मोजायला लावावेत. “पण सभासदानंच बोललं पाहिजे,” ते म्हणाले. “तुला बोलता येणार नाही.”

खरं सांगते, मला आधी हायसं वाटलं. मग त्याचीच लाज वाटली.

आईला मी शब्द शिकवला, नामंजूर. भाकरी थापताना ती म्हणून बघायची. तव्यापुढे नीट यायचा. पण संघाचे अध्यक्ष आमच्याच शिवारातले, नात्यानं दीर लागणारे. त्यांच्यापुढे तिनं कधी डोईवरचा पदर ढळू दिला नव्हता.

“मोठ्या माणसाला न्हाई कसं म्हणावं?” ती म्हणाली.

“बाबांना म्हणतेस की.”

“त्यो काय मोठा माणूस हाय का?”

रविवारी आम्ही छावणीत बाबांना डबा द्यायला गेलो. तिकडे सगळीकडून आलेली माणसं होती, चकलांब्याकडची, आमच्या शिवारातली. वैरण वाटून झाली की दिवसभर दुसरं काम नसायचं. बाबांनी सगळं ऐकलं आणि शेजारच्या दावणीकडे बघून ओरडले, “अय, तू संघाचा सभासद हायस का बे?”

“बापाच्या वखतापासून.”

“सभेला गेलतास का कधी?”

“कवा जावं? त्या टायमाला सोयाबीन काढणीला येतं.”

“औंदा सोयाबीन हाय का?”

तो माणूस थुंकला आणि हसला. “औंदा काय बी न्हाई. येतो.”

पीकपाण्याच्या वर्षी सभेला संघाच्या आतली माणसं आणि ओट्यावरच्या बाया, एवढीच मंडळी असायची. त्या वर्षी दुष्काळानं सगळ्यांना रिकामं केलं होतं. सभेच्या दिवशी थोड्याजणांवर जनावरं सोपवून बाकीची माणसं टेम्पो भरून आली. मांडव कमी पडला. काहीजण उन्हात बसले.

मी फाटकाबाहेर उभी होते. जाळीतून आईची पाठ दिसत होती.

सचिवांनी पहिला विषय वाचला, नेहमीसारखाच भरभर. पुढच्या रांगांतून आरोळी आली, “मंजूर!” आई उठली. तिचे ओठ हलले, पण मला काही ऐकू आलं नाही. कुणालाच आलं नसावं, कारण सचिव पुढचा विषय वाचायला लागले. मी जाळी घट्ट धरली.

तेवढ्यात मावशींनी बसल्या जागेवरून हाळी दिली, “अय माइकवाल्या, थांब की! बाई उभी हाय, दिसंना का?”

सगळे वळले. अध्यक्ष हसून म्हणाले, “वहिनी, बसा. तुमचं काय असंल ते नंतर आफिसात सांगा. जेवण गार व्हायलंय.”

“होऊ द्या गार,” आई म्हणाली. आता ऐकू येत होतं. “मागल्या साली गरम खाल्लं, त्याचा चटका आजून जाईना.”

मागे हशा पिकला. अध्यक्ष हसले नाहीत. “मागल्या साली तुमीच मंजूर म्हणलाव, वहिनी.”

“व्हय. मीच वरडले. काय वाचलं ते कळलं न्हाई तरी वरडले. आज कळलंय. ओटा पाडायचा, हे नामंजूर.”

“पोरीनं शिकवलं वाटतं?”

“मग? शिकायलाच घातलीया तिला.”

पदर डोईवर होता. पण ती खाली बसली नाही. “हात मोजा,” ती म्हणाली. “आरोळी नगं. हात मोजा.”

छावणीतल्या माणसांनी ते उचललं. “हात मोजा, हात मोजा!” अध्यक्ष सचिवांशी कुजबुजले. मग म्हणाले, ओटा पाडायला ज्यांची हरकत आहे त्यांनी हात वर करा. पुढच्या रांगांत फारसे हात नव्हते. मागे आणि उन्हात मात्र हातच हात होते. बाबांनी दोन्ही वर केले होते. ते सभासदही नव्हते.

सचिवांनी मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. विषय नामंजूर झाल्याचं त्यांनी वाचलं, ते मात्र अगदी सावकाश.

मला वाटलं, आई आता बाहेर येईल. पण ती आवारात मागे गेली आणि पंगतीत पहिल्या पानावर बसली. नंतर मी विचारलं, त्यांचं जेवण कशाला जेवलीस?

“त्यांचं कसं? संघाचं हाय. म्हणजे आपलं.” मग थोडं थांबून म्हणाली, “बुंदी न्हवती औंदा.”

ते विषय पुन्हा आणतील, असं सर म्हणतात. आणतीलच. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “आणू दे. आमी काय कुठं चाललाव?” संघाच्या सभेला आता ओट्यावरच्या बाया पुढच्या रांगेत बसतात, आणि विषय वाचला की कुणीतरी म्हणतं, “सावकाश वाचा.”

फ्लेक्स वाऱ्यानं फाटून खाली आला तेव्हा आईनं तो खोलीच्या पत्र्यावर नेऊन अंथरला. कारंज्यावर कुरडया चांगल्या वाळतात.