जांभळीखालची जागा

लोणावळा स्टेशनाच्या फाटकासमोर एक जांभूळ होती. मला कळायला लागलं तेव्हापासून वडिलांचा टांगा तिच्याच सावलीत उभा राहायचा. मग गावात भाड्याची मोटार आली. मोटारवाला बंगलेवाल्यांचा लाडका, स्टेशनातही त्याची वट. एकदा आमच्या घोड्याने झाडाखाली लीद टाकली, तर तो सगळ्यांसमोर वडिलांना म्हणाला, "बंगल्यातल्या बायका नाक धरतात. उचल." वडील फावडं आणतो म्हणाले, तर तो तेवढंही थांबला नाही. वडिलांनी ती हातांनी उचलली. दुसऱ्या दिवसापासून जांभळीखाली मोटार आणि आमचा टांगा मालधक्क्याच्या मागे, जिथे उतारू फिरकतही नाहीत. त्याच जागी त्याच्याकडून लीद उचलवून घ्यायची, अशी मी मनाशी गाठ मारली.

पुढे एका पाहुणीचा मोटारीतून उतरताना पाय घसरला, तेव्हा त्याला मोटार ठेंगणी करायची हुक्की आली. पुण्याला कोण नेतो? त्याने ती कार्ल्याच्या लोहाराकडे घातली. मी टांग्याच्या चाकावर धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, बसवून घ्यायला तिथेच होतो. लोहाराने पुढची दोन चाकं जोडणारा कणा काढला, तापवला, वाकवला. मोटार खाली बसली आणि देखणी दिसू लागली, हे कबूल. पण लोहाराचा हात बैलगाडीचा. गाडीची चाकं वरच्या अंगाला बाहेर कललेली ठेवतात, तशीच त्याने हीही फाकवून दिली.

"बगा शेठ, कशी छाती काढून हुबी ऱ्हायलीया!"

शेठ खूष! मोटारीची चाकंही थोडी फाकलेली असतात म्हणे, पण ती थोडी. बैलगाडीचा कल लोखंडी धावेला सोसतो, रबराला सोसत नाही. मला हे कळलं ते टायर बघून. मोटार मालधक्क्यावरून जाताना मी रोज पुढच्या चाकांकडे डोळे लावून बसायचो. टायरची बाहेरची कड गुळगुळीत होत चालली होती, आतली नव्यासारखी. कडेला रबराखालचं सूत दिसायला लागलं तेव्हा मला जेवण गोड लागलं.

वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "आरं, सांग की त्याला. मानसं बसत्यात त्यात."

"न्हाई सांगत, आबा. तुमास्नी लीद उचलाय लावली, तवा तुमी त्याला मानूस दिसला न्हाई."

वडील घोड्याला खरारा करत राहिले.

अखेर वलवणजवळ टायर फुटला आणि मोटार हळूच चरीत उतरली. कोणाला खरचटलंही नाही. जादा टायर त्याने आधीच संपवला होता. मुंबईच्या गाडीसाठी निघालेलं एक जोडपं रस्त्यावर उभं राहिलं, आणि मी रिकामा टांगा घेऊन तिथेच येत होतो. जोडपं चढलं. शेठलाही पुणं गाठून नवा टायर आणायचा होता. मापासाठी फुटका टायर मांडीवर घेऊन तो मागे बसला. बाजारातून मी घोडा मुद्दाम संथ चालवला.

टांगा थेट जांभळीखाली उभा केला. जोडपं फलाटाकडे धावलं. घोड्याने जुनी जागा ओळखली की काय कोण जाणे, शेपूट उचलली. मी शेठच्या हातातला टायर काढून घेतला.

"उचला, शेठ. बंगल्यातल्या बायका नाक धरत्यात."

टांगेवाले, हमाल, सगळे जमले. पुण्याच्या गाडीची घंटा झाली, तरी मी टायर सोडला नाही. शेवटी तो वाकला. परीटघडीच्या बाह्या सावरत त्याने लिदीला हात घातला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

तेवढ्यात मालधक्क्याकडून वडील आले. मला एका हाताने बाजूला सारलं, त्याच्याशेजारी उकिडवे बसले आणि उरलेली लीद स्वतः उचलू लागले. "जावा तुमी, गाडी चुकंल," एवढंच त्याला म्हणाले.

त्यानंतर त्याने मोटार जांभळीखाली कधी लावली नाही; जागा आम्हाला परत मिळाली. मोटारवाल्यावरचा माझा राग त्याच दिवशी संपला. वडिलांवरचा, ते गेले तरी, संपलेला नाही.