घुमट आणि गिरीशचं पत्र

आमच्या मंडळाच्या अंकात दर वर्षी 'आपली माणसं' म्हणून एक लेख असतो. यंदा अध्यक्ष उदयराव मला म्हणाले, "सुप्रभाताई, या वेळी तुम्ही लिहा. कोणावर ते तुम्हाला कळतंच आहे." कळतंय ना! अकरा वर्षं अध्यक्ष आहेत, इंग्लंडातल्या या बेसिंगस्टोकमध्ये त्यांच्याशिवाय दुसरं माणूस दिसणार कुठून? पण मी गिरीशवर लिहिणार आहे. छापायचं तर छापा, नाहीतर पानं कोरी सोडा.

मी मंडळाची सेक्रेटरी. जीपी सर्जरीच्या, म्हणजे इथल्या डॉक्टरांच्या दवाखान्याच्या, रिसेप्शनवर अठ्ठावीस वर्षं बसतेय. समोरच्याला गोड बोलून परत पाठवायचं, हे काम मला झोपेतही जमतं. या गोष्टीत ते मी एकदा केलंय, म्हणून आधीच सांगून ठेवते.

गिरीश नागपूरचा, तिथे सरकारी खात्यात सिव्हिल इंजिनिअर होता. बायको रश्मीला इथल्या बिझनेस पार्कमध्ये नोकरी लागली आणि हा तिच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून आला. त्याच्या डिग्रीला इथे कुणी हिंग लावून विचारलं नाही. वर्षभर घरी बसला, पोळ्या करायला शिकला, आणि मग जुन्या घरांची छतं दुरुस्त करणाऱ्या एका फर्ममध्ये हेल्पर म्हणून लागला. पार्टीत कुणी विचारलं तर रश्मी घाईघाईने सांगायची, "तो कॉन्झर्वेशनमध्ये आहे." आणि हा पठ्ठ्या म्हणायचा, "छताला गिलावा करतो." लोक "अरे वा" म्हणून भज्यांकडे वळायचे. मीही वळायचे, खोटं कशाला बोलू.

त्याला एकच वेड होतं. रश्मी सांगायची, "ताई, तीन वर्षांनी पहिली सुट्टी घेतली, क्रोएशियाला गेलो. समोर एवढा समुद्र, आणि हा तीन दिवस एका गोल खोलीत मान वर करून उभा!" ती खोली स्प्लिट शहरातली, रोमन बादशहाच्या महालातली. विषय निघाला की गिरीश सुटायचाच.

"ताई, डायोक्लेशियन नावाचा बादशहा. सतराशे वर्षांपूर्वी स्वतःहून गादी सोडली आणि म्हातारपणी राहायला समुद्राकाठी महाल बांधला. महाल कसला, तटबंदी घातलेलं गावच ते. तो गेला, त्याचं साम्राज्यही गेलं. मग शेजारचं शहर लुटलं गेलं तेव्हा तिथली माणसं जीव घेऊन पळाली आणि या महालात शिरली. ती आजतागायत तिथेच आहेत! बादशहाच्या भिंतीला दोऱ्या बांधून कपडे वाळत घालतात. त्याला पुरलं तिथे आता चर्च आहे."

"बरं मग?"

"मग सतराशे सत्तावन्न साली एक स्कॉटिश आर्किटेक्ट तिथे गेला. पाच आठवडे माणसं लावून सगळं मोजलं आणि नकाशे घेऊन परत आला. मग इथल्या बड्या लोकांना तसलेच खांब हवे, तसल्याच गोल खोल्या हव्या. आपण ज्यांना अस्सल इंग्लिश घरं म्हणतो ना ताई, त्यातली कितीतरी त्या म्हाताऱ्याच्या घरावरून उचललीत."

असंच एक घर आमच्यापासून वीस मिनिटांवर आहे, थॉर्नबी हाऊस. एक ट्रस्ट ते लग्नांना भाड्याने देतो. एका रविवारी गिरीश मला आणि रश्मीला तिथे घेऊन गेला. मधोमध गोल हॉल, वर घुमट, घुमटावर पांढऱ्या नक्षीच्या वेली. त्याने मला बरोबर मध्यभागी उभं केलं आणि म्हणाला, "आरतीची एक ओळ म्हणा." मी म्हटली. अगं बाई! माझाच आवाज वर जाऊन, गोल फिरून माझ्या डोक्यावर परत आला. अंगावर काटा आला. गिरीशचा चेहरा असा फुललेला, जणू ते घर त्यानेच बांधलंय. म्हणाला, "स्प्लिटच्या खोलीतही लोक असेच गातात."

त्याच संध्याकाळी मी उदयरावांना फोन केला. मंडळाचं पंचविसावं वर्ष. दीड दिवसाचा गणपती, तीनशे माणसं, स्लाऊहून चाळीस ढोलांचं पथक, आणि घुमटाखाली बाप्पा! प्रतिष्ठापनेला उदयराव आणि वैजयंतीवहिनी बसणार. आठ दिवसांत बुकिंग झालं. म्हणजे हे सगळं गिरीशच्याच आनंदातून सुरू झालं, हे लक्षात ठेवा.

ऑगस्टमध्ये तो सर्जरीत आला, हातात आइस्क्रीमचा जुना डबा. आपल्याकडे त्या डब्यात आइस्क्रीम सोडून सगळं असतं, म्हणून मी खुशीत झाकण उघडलं. वाटलं चिवडा असेल. आत गिलाव्याचे तुकडे! बोटाच्या पेराएवढे, शेकड्यांनी.

"हे काय आणलंस?"

"थॉर्नबीच्या घुमटाच्या वरून आणलं. ताई, स्प्लिटचा घुमट विटांचा आहे. त्याचा वरचा भाग केव्हाच पडला, तरी बाकीचा स्वतःच्या जोरावर उभा आहे. आपला हा नुसता दिसायला तसा. लाकडाच्या सांगाड्याला बारीक पट्ट्या ठोकल्यात आणि खालून गिलावा थापलाय. ओला असताना तो पट्ट्यांच्या फटींतून वर येतो, मागे वळतो आणि सुकतो. त्या गाठींवर सगळं छत लटकलेलं असतं." त्याने डब्यात हात घातला. "या त्याच गाठी. तुटून वर पडल्यात. खालून दर काही वर्षांनी रंग देतात, वर जाऊन कुणी बघतच नाही."

मी म्हटलं, उदयरावांना सांग. तर तो आधीच सांगून आला होता. उदयराव हसले होते, "अरे, अडीचशे वर्षं टिकलंय, ते काय आपल्या ढोलाने पडणार?" आणि गिरीश म्हणाला होता, "ते कधीही पडेल. ढोल वाजले तर त्या दिवशी पडेल."

मग त्याने खिशातून पत्र काढलं. इंग्रजीत, तीन पानी, थॉर्नबीच्या ट्रस्टला. शेवटी माझं नाव आणि त्यावर सहीसाठी रेघ. तो म्हणाला, "मी पाठवलं तर विचारतील, तू वर गेलासच कसा. केअरटेकर कॉलिनने मला सुट्टीच्या दिवशी गुपचूप जिना उघडून दिला, त्याची नोकरी जाईल. तुम्ही हॉल घेताय, तुमचं पत्र त्यांना घ्यावंच लागेल. फक्त सही करा आणि पाठवा."

"पाठवते," मी म्हटलं.

नाही पाठवलं. पाठवलं असतं तर त्यांनी हॉल बंद केला असता, आणि तीन आठवड्यांवर गणपती! आमंत्रणं गेलेली, लंडनहून पाहुणे येणार. आणि खरं सांगायचं तर मनात होतं, हा हेल्पर माणूस, याला काय एवढं कळतं? पत्र घरच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. पहिल्या पानाच्या चार ओळी तेवढ्या वाचल्या होत्या.

तो रोज विचारायचा. शेवटी मी रिसेप्शनचा आवाज काढला, "हो रे, उत्तर आलं. त्यांच्या इंजिनिअरने बघितलंय, सगळं ठीक आहे म्हणतात." फोनवर त्याने मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, "असं कसं म्हणाले?" आणि ठेवला.

मूर्ती त्याच्याच घरी होती, कारण फर्मची व्हॅन त्याच्याकडे असायची. गणपतीच्या दिवशी उदयराव सोवळं नेसून, वहिनी नऊवारीत, नऊ वाजता थॉर्नबीला पोचले. घुमटाखालचं मखर रिकामं! मागे तबेल्याचं फरसबंदी अंगण आहे, तिथून घंटेचा आवाज येत होता. आम्ही धावलो. तबेल्याच्या कमानीत पाटावर बाप्पा, समोर गिरीश. फोनवर मंत्र लावून एकट्याने प्राणप्रतिष्ठा केलेली. दूर्वा वाहिलेल्या, समई लागलेली, गूळखोबऱ्याचा नैवेद्यही झालेला.

आता करता काय? एकदा प्रतिष्ठापना झाली की उत्तरपूजेपर्यंत मूर्ती जागची हलवायची नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत. उदयरावांनी लंडनच्या गुरुजींना फोन लावला. तेही म्हणाले, "आता तिथेच असू द्या." जिथे बाप्पा तिथे माणसं. तीनशे लोक भुरभुर पावसात छत्र्या घेऊन अंगणात उभे राहिले. ढोलांची पानं भिजली, आवाज बसला. आत तो सुंदर हॉल रिकामा. वैजयंतीवहिनी तर रडल्या. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्या पूजेला बसणार होत्या.

आणि मी? पत्र गेलंच नव्हतं, हे त्या अंगणात एकट्या मलाच माहीत होतं. मूग गिळून गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण घाबरलेल्या माणसाची जीभ जास्तच चालते. सगळ्यांसमोर म्हटलं, "बायकोच्या व्हिसावर आलेला माणूस हा, याला दुसऱ्याचा मान काय कळणार!"

रश्मी मागेच उभी होती, प्रसादाचं ताट घेऊन. तिने ताट खाली ठेवलं. गिरीशने समईत तेल घातलं. विसर्जनापर्यंत तो पाटाजवळून हलला नाही, कुणी मूर्ती उचलून आत नेऊ नये म्हणून. सोमवारी उदयरावांनी त्याला ग्रुपमधून काढलं. पुढचे चार महिने त्याची मंडळात जी चेष्टा झाली, ती मी ऐकली आणि हसलेही. छत तर पडलं नव्हतं ना!

जानेवारीतल्या एका सकाळी पडलं. हॉलमध्ये एकच बाई होती, फरशी पुसणारी. तिला मी मार्ता म्हणते, खरं नाव सांगायचं नाही ही नोकरीची सवय. पंधरा दिवसांनी ती माझ्याच काउंटरसमोर उभी राहिली, हात गळ्यात बांधलेला, कपाळावर टाके. मी नेहमीसारखं विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "कामावर छत पडलं. हात वर जात नाही. माझं काम हातांचंच आहे." मी तिला त्याच दिवसाची अपॉइंटमेंट दिली. मग टॉयलेटमध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. मेलं काय उपयोग त्या रडण्याचा!

फेब्रुवारीत गिरीश घरी आला, मंडळाची समई आणि पाट परत करायला. रश्मीची बदली झाली होती, ते ग्लासगोला निघाले होते. वाटलं, आता हा मला सुनावणार. सुनावायला हवंच होतं त्याने. मी चहा केला. कप तसाच धरून तो म्हणाला, "ताई, पेपरात वाचलंत? ट्रस्ट म्हणतो, आम्हाला कुणी सूचनाच दिली नव्हती. किती खोटं बोलतात!"

ते खोटं बोलत नव्हते.

"पण चूक माझीही आहे," तो म्हणाला. "त्यांचा इंजिनिअर येऊन बघून गेला, तरी त्यांना पटलं नाही, म्हणजे मी नीट लिहिलं नाही. फोटो तिसऱ्या पानावर टाकला, पहिल्यावर हवा होता. त्या बाईचा हात माझ्यामुळे गेला असं वाटतं कधीकधी. झोप लागत नाही." मग जरा संकोचून म्हणाला, "त्या पत्राची कॉपी आहे का तुमच्याकडे? तिकडेही हेच काम करणार आहे. पुन्हा लिहायची वेळ आली तर कुठे चुकलो ते कळलं पाहिजे."

ड्रॉवर त्याच्या कोपरापासून हातभर अंतरावर होता. मी म्हटलं, "शोधून पाठवते." तो वाकून नमस्कार करून गेला. मला, नमस्कार!

त्याला आता सहा महिने झाले. काल ड्रॉवर उघडला आणि तिसरं पान पहिल्यांदा उलटलं. टॉर्चच्या उजेडातला फोटो आहे. एक पट्टी सडून निघालीय तिथून गिरीशने हात घातलाय. लाकूड आणि गिलावा एकमेकांना चिकटलेले हवेत, तर त्यांच्यामध्ये त्याची चार बोटं आडवी मावलीत. ते कळायला डिग्री लागत नाही. माझ्या सहा वर्षांच्या नातीला दाखवला, ती म्हणाली, "आजी, हे पडणार."

उदयराव, वैजयंतीवहिनी, तुमच्या मानाचं जे झालं ते माझ्यामुळे झालं, त्याच्यामुळे नाही. रश्मी, त्या दिवशी जे बोलले त्याची माफी मागायचं तोंड मला नाही, तरी मागते. ट्रस्टला आणि मार्ताच्या वकिलालाही मी खरं काय ते लिहून दिलंय.

आणि गिरीश, कॉपी नाही, ते पत्रच तुला आज पोस्टाने पाठवलंय. त्यात काहीही चुकलेलं नाही. फक्त शेवटच्या पानावर सहीची रेघ बघ, ती अजून कोरी आहे.