कानस धरणारा कोयता

मुलांनो, आपल्या शेतावर खुरपायला येणारी बाई दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. यंदा निघायला पंधरा दिवस उरले असताना तिच्या कोयत्याचं पातं तडकलं. नवा मी देते, असं मी उत्साहाने सांगून बसले. मग स्टीलच्या प्रकारांवर दोन दिवस वाचलं, तक्ता केला आणि सर्वांत कठीण, न गंजणाऱ्या स्टीलचा कोयता मागवला.

तिने धार लावायची कानस त्याच्या पात्यावर घासून पाहिली. कानस नुसती घसरत राहिली.

"काकू, लई देखना हाय. पर फडात धार गेली तर लावायची कशी? तुमी येता का लावायला?"

मग मी तिच्याबरोबर जामखेडच्या बाजारात लोहाराकडे गेले. तिने ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांमधून, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांमधून, चीर नसलेला एक निवडला. लोहाराच्या बायकोने घण घालून त्याचं पातं केलं. तापलेलं पातं पाण्यात बुडवायची वेळ आली, तशी आपली खुरपणारी बाई पुढे सरकली.

"मामा, पानी बेतानं द्या. मागच्याला जास्त दिलं, म्हनून तडकला."

"मग तूच दे की गं बाई!" म्हणत लोहाराने सांडशी खरंच तिच्या हातात दिली.

तिने पातं बुडवलं, काढलं, त्याचा रंग पाहिला आणि पुन्हा बुडवलं. गार झाल्यावर धारेवर कानस ओढली, तर लोखंडाचा बारीक चुरा तिच्या लुगड्यावर पडला. तो न झटकताच तिने कानस माझ्यापुढे धरली.

"काकू, तुमीबी घासून बघा."