मामाचं काळं मंजन

माझ्या मामावर माझा राग आहे. तो जाऊन वर्षं लोटली तरी राग कमी झालेला नाही, आणि तो कमी व्हावा असं मलाही वाटत नाही.

मामा म्हणजे आईचा एकुलता धाकटा भाऊ. पंचवटीत दोन खोल्यांत राहायचा आणि घरीच काळं दंतमंजन तयार करून विकायचा. डबीवर लिहिलेलं असायचं, ‘शुद्ध आयुर्वेदिक’. आणीबाणी उठली त्या सुमाराला आईची दाढ दुखायला लागली, तेव्हा त्यानं एक डबी आणून दिली.

“दिवसातून दोनदा लाव, ताई. लवंग आहे, बाभळीची साल आहे.”

दोनदाचं पाचदा झालं. उठल्याबरोबर, जेवण झालं की, दुपारी भांडी आवरून मागच्या पायरीवर. हिरडीवर बोट फिरवत ती डोळे मिटून बसायची. डबी संपली की मात्र चिडचिड करायची, आमटीत मीठ घालायला विसरायची. मी तेव्हा जिल्हा परिषदेत नुकतीच कारकून म्हणून लागले होते. मला वाटायचं, वयामुळे होत असेल.

पाचेक वर्षांनी तिच्या खालच्या हिरडीवर पांढरा चट्टा उठला. मग तिथं जखम झाली, ती काही भरेना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “मिश्री लावता?”

“नाही,” आई ठामपणे म्हणाली. “मंजन लावते. आयुर्वेदिक.”

“उद्या घेऊन या.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी चिमूटभर पूड तळहातावर घेतली, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. “ही मिश्रीच आहे. भाजलेली तंबाखू, लवंग नुसती वासाला. भाजल्यानं तंबाखूतलं विष जात नाही, उलट जळताना आणखी वाईट द्रव्यं तयार होतात. निकोटिनमुळे सवय सुटत नाही आणि बाकीचं सगळं हिरडीत मुरत राहतं.”

जखमेचा तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. मुंबईला नेऊन खालचा अर्धा जबडा काढावा लागला.

आईला घरी आणलं त्याच महिन्यात चैत्राची यात्रा होती. मामा दरवर्षी वणीला गडाच्या वाटेवर दुकान मांडायचा. मी रजा टाकून एस.टी.नं गेले. त्याच्या दुकानापुढे सात-आठ बायका होत्या. मी मध्ये उभी राहिले आणि म्हणाले, “यात तंबाखू आहे. माझ्या आईचा जबडा यानंच गेला. हा तिचा सख्खा भाऊ.”

मामा हसला. “पोरीचं डोकं ठिकाणावर नाही. आई आजारी आहे ना तिची.”

एका म्हातारीनं मला बाजूला सारलं. “तंबाखू हाय ते माहीत हाय आम्हाला. त्याबिगर तरतरी येत नाय.” तिनं दोन डब्या घेतल्या. मामानं त्या माझ्यासमोर कागदात बांधून दिल्या.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. शस्त्रक्रियेनंतर तिचं बोलणं अस्पष्ट झालं होतं, कान देऊन ऐकावं लागे. ती म्हणाली, “मला ठाऊक होतं. पहिल्या आठवड्यातच चक्कर आली होती, तेव्हाच.”

“मग डॉक्टरीणबाईंना ‘मिश्री लावत नाही’ असं का सांगितलंस?”

“भाऊ आहे तो. आणि मला ते सुटत नव्हतं.” मग तिनं विचारलं, “आहे का थोडं?”

मी उठून बाहेर गेले. चार दिवस तिच्याशी बोलले नाही. तिला पातळ पेज भरवायची, तोंड पुसायची, पण एक शब्द नाही. मामाबरोबर तिच्यावरही माझा राग होता, आणि पाच वर्षं समोर बसून काहीच न ओळखणाऱ्या माझ्यावरही.

दीड वर्षानं ती गेली. दहाव्याला मामा आला, धुतलेलं धोतर नेसून. मी दारातच उभी राहिले.

“बाळ, मी मुद्दाम केलं का?”

“हो,” मी म्हणाले. “पहिली डबी सोडा. वणीला माझ्यासमोर ज्या दोन विकल्यात, त्या मुद्दाम विकल्यात.”

नातेवाइकांपैकी कुणीतरी हळूच म्हणालं, आजच्या दिवशी तरी असं नको. मी दार सोडलं नाही. तो थोडा वेळ उन्हात थांबला, मग चपला घालून गेला. त्यानंतर मी त्याचं तोंड पाहिलं नाही. धंदा त्यानं बंद केला नाही, फक्त डबीचा रंग बदलला.