पडद्याची जीप आणि बिनपडद्याची

सत्तरच्या दशकात शेलूबाजारात भाड्यानं मिळणाऱ्या जीपा दोनच होत्या. त्यांतली आरामशीर कोणती हे ठरवायचं काम घरच्यांनी माझ्यावर टाकलं. कारण एवढंच, की मी अकोल्याला कॉलेजात शिकलो होतो आणि तिथे एकदा कोणाच्या तरी मोटारीत बसलो होतो.

धाकटी बहीण मानोऱ्याला दिलेली. तिला सातवा महिना लागला होता आणि बाळंतपणासाठी तिला माहेरी आणायचं होतं. आदल्या साली तिचा एक गर्भ पडला होता. म्हणून सासूनं निरोप धाडला, "बसनं नेत असान तं पाठवत नाई. पोरीले हिसका बसला नाई पायजे, अशी गाडी आना." मानोऱ्याचा रस्ता म्हणजे खड्डे आणि मधेमधे थोडं डांबर.

मी दोन्ही जीपा नीट पाहिल्या. एक हिरवी, नवी. मागच्या बाकांवर फोमच्या गाद्या, वर रेग्झिन, दोन्ही बाजूंना फुलाफुलांचे पडदे आणि ड्रायव्हरसमोर वीतभर पंखा. दुसरी जुनी, लांबडी. फळ्यांची बाकं, त्यांवर पोत्याच्या गाद्या. पंखा नव्हता, वारा ताडपत्रीच्या भोकांतून येई. चढायला मात्र तिला रुंद पायरी होती. हिरवीला पायरी नव्हती, खाली पाट ठेवावा लागे. पाट काय, घरातून नेता येतो, असा मी विचार केला. दोन्हींत बसूनही पाहिलं. हिरवीतून तर उठावंसं वाटेना. बसून पाहिलं तेव्हा दोन्ही जीपा झाडाखाली उभ्या होत्या, ही गोष्ट मला तेव्हा महत्त्वाची वाटली नाही.

सोबत आत्या आली. मानोऱ्याला बहिणीच्या सासूनं गादी दाबून पाहिली, पडदा सरकवून पाहिला आणि म्हणाली, "पाहुणे, गाडी साजरी आनली." मी पंखाही लावून दाखवला. शिवाय ड्रायव्हरला बजावलं, येताना वाटेत भरली तशी माणसं आता घ्यायची नाहीत, पोरीला पाय पसरायला जागा पाहिजे.

गाव सुटलं आणि जीप उडायला लागली. ड्रायव्हर बैलगाडीच्या चालीनं चालवत होता, तरी प्रत्येक खड्ड्याला मागचं अंग वर जाई आणि दणकन खाली येई. फोमची गादी बहिणीला आणखी वीतभर उडवी. तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं होतं. आत्यानं तिला कवेत घेतलं, तर दोघी मिळून उडायला लागल्या.

"फोम नवा हाय, दबल हळूहळू," मी म्हणालो.

"तवरक पोरगी दबल," आत्या म्हणाली.

आम्ही इतके हळू चाललो होतो, की मागून ती जुनी जीप आली आणि पुढे निघून गेली. आत माणसं पोत्यांसारखी रचलेली. एक म्हातारा शेजारच्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेला. बहिणीनं पडद्यातून ते पाहिलं.

"दादा, तिच्यात तं मानसं झोपून राह्यली."

"थकली असतीन."

"खड्डे तं तेच हायेत ना?"

आत्या म्हणाली, "काहून रे, रिकामी बंडी उडते. कापसाची भरली बंडी उडते काय?"

आमच्या घरी दोन बंड्या, म्हणजे बैलगाड्या, होत्या. ही गोष्ट मलाही ठाऊक होती, पण फोम पाहिल्यावर ती डोक्यातून गेली होती.

"उभ्या बैलाची चाल पाहून आला हा," आत्या ड्रायव्हरला म्हणाली. "थांबव फाट्यावर."

फाट्यावर बसची वाट पाहणारी माणसं होती. मी म्हणालो, "आत्या, आपली स्पेशल गाडी हाय."

"तुह्या स्पेशलले चाटाचं हाय काय?" म्हणत तिनं पडदा बाजूला केला आणि सगळ्यांना हाका मारल्या. कापूस वेचून निघालेल्या बाया गाठोड्यांसकट चढल्या. दोघे गडी तुरीची पोती घेऊन आले. पाट पुरेना, तेव्हा एकमेकांना ओढून घेतलं. मला जागा उरली ती मागच्या फळीवर, एक पाय बाहेर सोडून.

जीप खाली बसली आणि चालायला लागली. खड्डे येत होते, पण गाडी आता नुसती मान डोलावल्यासारखी करी. बहिणीनं पोटावरचे हात काढले. थोड्या वेळानं तिचं डोकं शेजारच्या अनोळखी बाईच्या खांद्यावर गेलं.

त्या बाईचं गाव आलं. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. ती हळूच म्हणाली, "चालू द्या. पोरगी झोपली हाय. मी येईन वापस बसनं." आणि ती आमच्या दारापर्यंत आली. आईनं तिला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

"गाडी कशी होती वं?" आईनं बहिणीला विचारलं.

"बरी होती. मानसं चांगली होती."

बाळंतपण सुखरूप झालं. बाळ-बाळंतिणीला सासरी पोचवायची वेळ आली, तेव्हा गाडी ठरवायला आत्याच गेली. तिनं जुनी जीप ठरवली आणि ती पुरती भरेपर्यंत झाडाखाली बसून राहिली. मला तिनं पाट धरायला सुद्धा नेलं नाही. त्या जीपला पायरी होती.